मधोमध मूळ, भोवती टीका

जुन्या घराण्यांच्या माळ्यावर किंवा देवघराच्या कोनाड्यात रुमालात बांधलेली एखादी पंचपाठी पोथी अजूनही सापडते. पानाच्या मधोमध ठसठशीत अक्षरांत मूळ ग्रंथ आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बारीक अक्षरांत त्यावरील टीका. मूळ वचन एकट्याने वाचावयाचे नसते, ते आपल्या आधी कोणी वाचले व त्याचा काय अर्थ केला हे विचारूनच पुढे जावयाचे असते, ही गोष्ट पोथी उघडणाऱ्याच्या मनावर त्या पानाची ठेवणच ठसविते.

यहुदी लोकांच्या ‘तालमूद’ या ग्रंथाचे छापील पान ज्याने पाहिले असेल, त्याला अशा पोथीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथेही मधल्या चौकटीत मूळ, आतल्या बाजूस एक टीका, बाहेरच्या बाजूस दुसरी आणि कडेकडेने आणखी कितीतरी टिपणे. त्या एका पानावर हजार-दीड हजार वर्षांचे वादी-प्रतिवादी शेजारी शेजारी बसलेले असतात. हा वाद केवळ विद्वानांची करमणूक नव्हे. वचनाचा अर्थ कसा लावावयाचा यावर माणसाचे लग्न, त्याची मुलेबाळे आणि समाजातील त्याची जागा अवलंबून राहते. १९६२ साली हा अनुभव मराठी बोलणाऱ्या एका समाजास आला. ती हकीगत शेवटी येईल. परंतु ती नीट समजावयाची तर आधी तो ग्रंथ आणि तो वाचण्याची रीत समजून घेतली पाहिजे.

अक्षर एक, उच्चार दोन

ख्रिस्ती लोक ज्याला ‘जुना करार’ म्हणतात तो मुळात यहुद्यांचा धर्मग्रंथ होय. ते त्याचे तीन भाग करतात: तोरा, संदेष्ट्यांचे ग्रंथ आणि इतर लेख. या तिन्ही नावांच्या आद्याक्षरांवरून साऱ्या संग्रहास ‘तनाख’ म्हणतात. यहुदी गणनेप्रमाणे त्यात चोवीस ग्रंथ आहेत. त्यांपैकी पहिले पाच, म्हणजे मोशेच्या नावाने चालत आलेला ‘तोरा’, हा सर्वांचा मुकुटमणी.

प्रार्थनामंदिरातील तोरा आजही चामड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेला असतो. त्यात ३,०४,८०५ अक्षरे असतात अशी परंपरेची मोजदाद आहे आणि एखादे अक्षर गळले किंवा चुकले तर ते दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनास चालत नाही. साऱ्या तोराचे चोपन्न भाग पाडलेले असून दर शब्बाथला एक, क्वचित दोन, याप्रमाणे वर्षभरात पारायण पुरे होते व त्याच दिवशी पहिल्या ओळीपासून पुन्हा आरंभ होतो. वाचणाऱ्यास सारे मुखोद्गत असले तरी पाठ म्हणून चालत नाही; गुंडाळीवर डोळा ठेवूनच वाचावे लागते.

मौज अशी की, त्या गुंडाळीत स्वरांची चिन्हे नसतात. हिब्रू लिपीत मुख्यतः व्यंजनेच लिहितात. मग शब्द वाचावयाचा कसा? एक उदाहरण पाहा. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, असा नियम तोरात तीन ठिकाणी आला आहे. दूध या अर्थाचा शब्द ‘हालाव’. त्याच तीन व्यंजनांचा ‘हेलेव’ असा उच्चार केला की अर्थ होतो चरबी. कागदावर दोन्ही शब्द सारखेच. येथे दूधच वाचावयाचे, चरबी नव्हे, हे कोण सांगणार? गुरूच्या तोंडून शिष्याने ऐकलेली परंपराच सांगणार. म्हणजे लिखित ग्रंथाच्या पहिल्या पायरीपासूनच मौखिक परंपरेचा हात धरावा लागतो.

पुढे इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान गालील प्रांतातील तिबेरिया येथल्या ‘मसोरेत’ पंडितांनी अक्षरांच्या वर-खाली बिंदू व रेघा देऊन स्वर आणि वाचनाचे सूर कायम केले. सुमारे ९३० सालची ‘अलेप्पो’ प्रत आणि १००८ सालची ‘लेनिनग्राड’ प्रत ही त्यांच्या परिश्रमांची थोर फळे. १९४७ साली मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत जुन्या गुंडाळ्या सापडू लागल्या, तेव्हा त्यांतील यशयाचा ग्रंथ अलेप्पोच्या प्रतीहून सुमारे हजार वर्षांनी जुना ठरला. दोन्ही ताडून पाहता लेखनाचे व शब्दांचे बारीकसारीक भेद पुष्कळ आढळले, परंतु ग्रंथ बहुतांशी तोच होता. नकलून घेणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निष्ठेची ही साक्ष आहे.

देऊळ गेले, पाठशाळा राहिली

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले. यज्ञ थांबले, वेदी गेली, पुरोहितांचे कामच उरले नाही. अशा वेळी यव्ने नावाच्या गावी रब्बी योहानान बेन झक्काई यांनी पाठशाळा चालविली आणि धर्माचे केंद्र वेदीवरून ग्रंथावर आणले. आजवर तोंडोतोंडी चाललेले निर्णय व मतभेद विस्मृतीत जातील या भीतीने सुमारे २०० साली रब्बी यहूदा हानासी यांनी ते संकलित केले. हीच ‘मिश्ना’. तिचे सहा विभाग व त्रेसष्ट प्रकरणे आहेत. शेतीपासून सणांपर्यंत, विवाहापासून नुकसानभरपाईपर्यंत सर्व व्यवहार तिच्यात येतो.

मिश्नावर पुन्हा चर्चा सुरू झाली. पॅलेस्टाइनमधील चर्चेचा संग्रह सुमारे ४०० साली झाला. बाबिलोनमधील सुरा, पुंबदिता इत्यादी विद्यापीठांतील चर्चेचा त्याहून मोठा संग्रह त्यानंतरच्या शतक-दोन शतकांत आकारास आला. मिश्ना व तिच्यावरील ही चर्चा, जिला ‘गमारा’ म्हणतात, मिळून तालमूद होतो. बाबिलोनचा तालमूदच अधिक मान्यता पावला. छापील आवृत्तीत त्याची पाने २,७११ भरतात.

या ग्रंथात नुसते निर्णय शोधणाऱ्याची निराशा होते. येथे पूर्वपक्ष आहे, उत्तरपक्ष आहे, उत्तरपक्षावर आक्षेप आहे आणि कित्येकदा प्रश्न तसाच सोडून दिलेला आहे. हरलेल्या पक्षाचे मतही नावानिशी नोंदविलेले आहे. हिल्लेल व शम्मई या दोन आचार्यांच्या संप्रदायांचा वाद प्रसिद्धच आहे. दोन्ही मते ईश्वराचीच, असा निर्वाळा आकाशवाणीने दिला. तरी आचारासाठी हिल्लेलच्या शिष्यांचे मत धरावे असेही सांगितले. का? तर ते सौम्य होते आणि आपले म्हणणे मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे आदराने सांगत. कुशाग्र बुद्धीपेक्षा वादातील सभ्यतेस येथे अधिक गुण मिळाले आहेत.

वचनाचा अर्थ काढण्याचे नियमही ठरलेले आहेत. हिल्लेलच्या नावावर सात आणि रब्बी इश्माएलच्या नावावर तेरा नियम सांगतात. हे तेरा नियम तर सकाळच्या प्रार्थनेतच म्हटले जातात. त्यांतला पहिला नियम म्हणजे लहान गोष्टीत जे लागू ते मोठ्या गोष्टीत लागू असलेच पाहिजे, हा. आपल्याकडील शास्त्री त्याला कैमुतिक न्याय म्हणतील. दुसरा नियम असा की, एकच शब्द दोन ठिकाणी आला असता एका ठिकाणच्या तपशिलाने दुसऱ्यावर प्रकाश पाडावा.

डोळ्याची किंमत

या पद्धतीने काय साधते याचे उत्तम उदाहरण म्हणजे डोळ्याबद्दल डोळा घेण्याचा तोरातील प्रसिद्ध नियम. यहुदी धर्म सूडाचा आहे, असे म्हणणारे हेच वचन पुढे करतात. परंतु यहुदी न्यायशास्त्र ते कसे वाचते हे पाहण्याची तसदी फार थोडे घेतात.

मिश्ना या नियमाची चर्चा करताना डोळा काढण्याची गोष्टच बोलत नाही. ज्याने दुसऱ्यास इजा केली त्याने पाच बाबींची भरपाई द्यावी असे ती सांगते: अवयवाची हानी, वेदना, औषधपाणी, बुडालेला रोजगार आणि झालेली अप्रतिष्ठा. मग गमारा विचारते की, शब्द तर डोळ्याचा आहे, पैसा आला कोठून? आणि एकामागून एक युक्तिवाद येतात. आंधळ्याने दुसऱ्याचा डोळा फोडला तर त्याचा कोणता डोळा काढणार? न्याय सर्वांना सारखा असावा असे तोराच सांगतो. एकाचा डोळा मोठा, दुसऱ्याचा लहान, मग सारखेपणा कसा राहील? डोळा काढताना माणूसच दगावला तर डोळ्याबद्दल डोळ्यासह प्राणही घेतल्यासारखे होईल. शिवाय, खुन्याच्या प्राणाबद्दल द्रव्य घेऊ नये असे तोरा म्हणतो. त्या अर्थी अवयवाबद्दल द्रव्य घेण्यास हरकत नसावी. यांतील काही युक्तिवाद तेथल्या तेथे खोडलेही जातात. रब्बी एलिएझर यांचे मत तर अक्षरशः डोळाच, असे नोंदविलेले आहे. त्यावरही लगेच चर्चा होते. निर्णय मात्र ठाम आहे: दंड पैशाचाच.

सर्वांनाच ही रीत पटली असे नाही. आठव्या-नवव्या शतकांत ‘कराई’ नावाचा पंथ उदयास आला. त्याने मौखिक परंपरा नाकारून तोराचे वचनच प्रमाण मानले. बाबिलोनचे प्रख्यात आचार्य सादिया गाओन (८८२–९४२) यांनी या पंथीयांशी याच डोळ्याच्या नियमावर वाद केला होता. मूळ वचन आणि परंपरा यांतील थोर कोण, हा प्रश्न तेव्हापासून तसाच चालत आला आहे.

भट्टीचा वाद आणि त्याचा शेवट

तालमूदातील एका कथेत हा प्रश्न कळसास पोहोचतो. तुकडे करून मध्ये वाळू घालून जोडलेली एक भट्टी सोवळ्याची की ओवळ्याची, असा वाद होता. रब्बी एलिएझर एकटे एका बाजूस, बाकी सारे दुसऱ्या बाजूस. एलिएझरनी सर्व युक्तिवाद केले, कोणी मानीना. माझे म्हणणे खरे असेल तर ते झाड सांगेल, असे ते म्हणाले; झाड जागचे उपटून शंभर हात दूर गेले. पाण्याचा पाट उलटा वाहिला. पाठशाळेच्या भिंती कलू लागल्या, तेव्हा रब्बी यहोशुआ यांनी भिंतींनाच दटावले की, पंडितांच्या वादात तुमचे काय काम? भिंती यहोशुआंच्या मानाखातर पडल्या नाहीत आणि एलिएझरांच्या मानाखातर सरळही झाल्या नाहीत. शेवटी आकाशवाणी झाली की, एलिएझरचे खरे. तेव्हा यहोशुआ उभे राहिले आणि त्यांनी तोराचाच आधार देऊन सांगितले की, धर्मशास्त्र आता स्वर्गात राहिलेले नाही. ते माणसांच्या हाती सोपविलेले आहे आणि निर्णय बहुमताने व्हावयाचा आहे. पुढे असे कळले की, त्या वेळी देव हसला. आपल्या लेकरांनी आपल्याला हरविले म्हणाला.

कथा सांगणारे बहुधा येथेच थांबतात. तालमूद थांबत नाही. बहुमताने एलिएझरना बहिष्कृत केले. ही वार्ता सांगावयास त्यांचे शिष्य रब्बी अकिवा काळी वस्त्रे नेसून गेले आणि चार हात दूर बसले. एलिएझरच्या डोळ्यांत पाणी आले. त्या अश्रूंनी पिके करपली आणि अखेर सभेचे प्रमुख गम्लिएल यांचा अंत झाला, असे कथा सांगते. गम्लिएल हे एलिएझरच्या पत्नीचे सख्खे भाऊ. ही सारी कथा तालमूदात आली आहे ती शब्दाने माणसाचे मन दुखविण्याच्या पापाची चर्चा चालू असताना. त्याच प्रकरणात मिश्नाने काही पानेच आधी बजाविले आहे की, धर्मांतर करून आलेल्यांच्या मुलास त्याच्या पूर्वजांची आठवण करून देऊन हिणवू नये. बहुमताने दिलेला निर्णय बरोबर असेल. तरी तो देताना दुखावलेल्या माणसाचा हिशेब द्यावाच लागतो, हे या कथेचे मर्म होय.

पान कसे भरले

मधल्या चौकटीभोवती ज्या टीका आल्या त्यांतील पहिली फ्रान्समधील त्र्वा गावच्या रब्बी शलोमो यित्झहाकी यांची. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘राशी’ म्हणतात (१०४०–११०५). थोडक्या शब्दांत वाचकाची अडचण ओळखून ती दूर करावी, अवघड शब्दास त्या काळच्या फ्रेंच भाषेतील प्रतिशब्द द्यावा आणि एखाद्या वचनाचा हेतू कळला नाही तर तो आपल्याला ठाऊक नाही असे सरळ लिहावे, ही त्यांची रीत. बाहेरच्या बाजूची ‘तोसाफोत’ ही टीका त्यांच्या नातवांनी व त्यांच्या परंपरेतील पंडितांनी केली. तिच्यात आजोबांचेच म्हणणे वारंवार खोडलेले आहे. नातवांनी आजोबांच्या शेजारी बसून त्यांच्याशी वाद घालावा आणि दोघांनाही एकाच पानावर मान मिळावा, हे दृश्य मोठे हृद्य आहे.

पुढे कॉर्दोव्हात जन्मलेले व ईजिप्तमध्ये वारलेले मैमोनिदीस (निधन १२०४) यांनी साऱ्या आचारधर्माची सुसंगत मांडणी केली. अर्थाच्या चार पायऱ्याही मानल्या गेल्या: सरळ अर्थ, सूचित अर्थ, बोधपर अर्थ आणि गूढ अर्थ. पुढील काळात स्पिनोझाने १६७० साली आणि एकोणिसाव्या शतकातील जर्मन पंडितांनी तोरा अनेक हातांनी व अनेक काळांत लिहिला गेला असे मांडले. ती चर्चा विद्यापीठांत आजही चालू आहे.

या पानाने आगही पाहिली. १२४२ साली पॅरिसमध्ये तालमूदाच्या हस्तलिखितांनी भरलेल्या गाड्यांच्या गाड्या जाळण्यात आल्या; १५५३ साली रोममध्ये पुन्हा होळी झाली. आणि याच ग्रंथाची पहिली संपूर्ण छापील आवृत्ती १५२० ते १५२३ या काळात व्हेनिस येथे काढली ती दानिएल बोंबेर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने. पानाची आजची ठेवण त्यानेच कायम केली. १९२३ साली रब्बी मेइर शपिरो यांनी जगभरच्या यहुद्यांनी रोज एकच पान वाचावे अशी सूचना मांडली. ते पारायण साडेसात वर्षांत पुरे होते. त्याचे चौदावे आवर्तन जानेवारी २०२० मध्ये सुरू झाले.

कोकणातील शनवार तेली

आता आपल्या भाषेतील हकीगत. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, ते बेने इस्रायल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, काही उपास आणि ‘शमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची प्रार्थना एवढे त्यांनी शतकानुशतके जपले. दावीद राहाबी नावाच्या यहुद्याने त्यांची परीक्षा पाहण्यासाठी मिश्र मासळी रांधावयास दिली, तेव्हा बायकांनी पर व खवले नसलेली मासळी निवडून बाजूला ठेवली, अशीही कथा आहे. तोराचा तो नियम त्यांच्या हाती ग्रंथ नसताना चुलीपाशी टिकला होता. तालमूद मात्र त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता.

पुढे १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. कोचीनहून शिक्षक आले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्रीचा विधी हिब्रू व मराठीत छापून निघाला. त्यातील चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले आणि १८८० च्या सुमारास बेने इस्रायलांनी योसेफ, मोशे यांची आख्याने लावून कीर्तने आरंभली. कीर्तन हीदेखील ग्रंथाचा अर्थ लोकांपर्यंत नेण्याची रीतच होय. करडाच्या वचनाने मांस व दूध वेगळे केले. त्यांच्या मटणाच्या रश्शात म्हणूनच नारळाचे दूध पडते.

१९४८ नंतर यांतील पुष्कळ कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे प्रश्न निघाला की, यांच्या पूर्वजांत घटस्फोट व पुनर्विवाह तालमूदाच्या नियमांप्रमाणे झाले होते काय? झाले नसतील तर त्या पुनर्विवाहाची संतती इतर यहुद्यांशी लग्नास अपात्र ठरण्याची भीती होती. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी दाखविले की, या समाजात घटस्फोट क्वचितच होत. १९६१ च्या ऑक्टोबरात मुख्य रब्बींच्या मंडळाने लग्नास हरकत नाही असा निर्णय दिला. परंतु १९६२ च्या आरंभी विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना गेली की, बेने इस्रायल वधूवरांच्या मागील पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांनी ग्रंथ हाती नसताना शनिवार पाळला, त्यांना पणजीचा पुरावा विचारला गेला. त्यांनी सत्याग्रहासारखा ठिय्या धरला. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बी मंडळाने सूचनेतील त्यांचे नाव काढून टाकले.

दोन्ही बाजूंचे पंडित आधार देत होते ते त्याच ग्रंथाचे. वंशशुद्धीची काळजी त्या पानावर आहे आणि कोणास त्याच्या पूर्वजांवरून हिणवू नये हेही त्याच पानांवर आहे. वाचणाऱ्याने आधी कोणत्या ओळीवर बोट ठेवावयाचे हा प्रश्न ग्रंथ सोडवीत नाही; तो वाचणाऱ्यावर सोपवितो. आपल्या रुमालातल्या पोथीविषयी तरी दुसरे काय म्हणता येईल?